नाक्यावर आता विचारत नाहीत

बुसल्हाम बातमी घेऊन आला तेव्हा तामो अंगणात शेळीचं दूध काढत होती. बातमी ऐकून तिची बोटं अशी आवळली की शेळीने भांडंच लाथाडलं.

बुसल्हाम म्हणजे शेजारी. त्याच्या पोटात बातमी टिकत नाही, आणि टिकली तर त्याला ढेकर येतात. कुंपणापासूनच त्याने हाक दिली.

"मुफद्दल! अरे ए मुफद्दल, चूल सोड आणि बाहेर ये! काल नाक्यावर पोलिसाने माझा बटवा काढला. गांजाने भरलेला. म्हटलं, मेलो, आता दोन वर्षं आत. त्याने बटवा उघडला, हुंगला, आणि परत दिला की रे! वर म्हणतो कसा, 'काका, दोरी नीट बांधा, सांडतोय.' सांडतोय म्हणाला!"

"थट्टा करू नकोस," आतून मुफद्दल म्हणाला.

"माझ्या आईच्या कबरीची शपथ. वरून हुकूम आलाय. बटव्यातल्या किफसाठी कुणाला धरायचं नाही. आणि ऐक, यादीतली जुनी नावंही खोडतायत. चौकीत जायचं, नाव सांगायचं, अंगठा उमटवायचा, संपलं."

मुफद्दल दारात आला. हातात सुक्या वालाच्या डाळीचा डाव, कमरेला तामोचंच पट्ट्यापट्ट्यांचं फडकं. अकरा वर्षं तो या दारातून फार लांब गेला नव्हता. डाव हातात तसाच धरून तो उतारावरच्या रस्त्याकडे बघत राहिला आणि डाळ त्याच्या पायावर ठिबकत राहिली.

"येत्या गुरुवारी," तो हळूच म्हणाला. "तामो, येत्या गुरुवारी बाजाराला मी जातो."

तामोने उपडं भांडं सरळ केलं. ती म्हणाली, "दूध सांडलं तुमच्या आरडाओरड्यात."

आता आमच्या डोंगरात किफ, म्हणजे गांजा, कोण लावत नाही ते विचारा. उतारावर दुसरं काही उगवतच नाही. पोलिसांनाही ते ठाऊक, सरकारलाही ठाऊक. पण चौकीत एक यादी असायची, आणि त्या यादीत नाव गेलं की माणूस संपला. त्याने नाक्याखाली उतरायचं नाही, ओळखपत्र नवं करायचं नाही, लग्नाला नाही, मयताला नाही. नाव जायला फार काही लागायचं नाही. कुणाशी बांधावरून भांडण झालं, कुणाची शेळी कुणाच्या वाफ्यात शिरली, की बिननावाचं एक पत्र चौकीला जायचं: अमक्याच्या मागच्या खोलीत तीन पोती आहेत. पोती बघायला कुणी यायचं नाही. नाव मात्र चढायचं. यादीची चौकशी करायलाही कुणी जायचं नाही, कारण चौकशी करणं म्हणजे आपलं नाव आपणच नेऊन देणं.

मुफद्दलवरचं पत्र तामोने लिहवून घेतलं होतं. त्याच्या लग्नाच्या बायकोने.

कारण होतं भाकरी. बाजारात शामा नावाची एक विधवा बडीशेप घातलेल्या जवाच्या भाकऱ्या विकायची. हसायची अशी की तीन दुकानं पलीकडचा माणूस मान वळवून बघे. मुफद्दल दर गुरुवारी तिच्याकडच्या दोन भाकऱ्या फडक्यात बांधून घरी आणायचा. आता घरात भट्टी आहे, बायको पहाटे उठून पीठ मळते, आणि नवरा दुसरीच्या हातची भाकरी घेऊन येतो आणि वर गुणगुणतो! तामोने त्या भाकरीचा एक तुकडा कधी तोंडात घातला नाही. सगळी कोंबड्यांना घातली. "कशाला आणतोस?" विचारलं तर तो म्हणायचा, "अशीच, चांगली लागते." अशीच! या एका शब्दाने तिचा वर्षानुवर्षं तिळपापड होत होता. त्याच्या झग्याला बडीशेपेचा वास येई आणि तिला झोप लागत नसे.

एका गुरुवारी ती एकटीच बाजाराला गेली. छपराखाली बसून लोकांची पत्रं आणि ताईत लिहिणाऱ्या फकी अयाशीला बारा अंडी दिली आणि पत्र सांगितलं. तीन नव्हे, पाच पोती सांगितली. मग पंधरा दिवसांनी पाणवठ्यावर कुणी म्हणालं की गावच्या मुकादमाकडे नवी यादी आलीय. नावं काय आहेत हे विचारायला ती थांबलीच नाही. तिला ठाऊकच होतं. धावत घरी आली, ओल्या पायांनी, आणि म्हणाली, "मुकादम सांगत होता, तुझं नाव आहे. खाली उतरू नकोस." त्याच हिवाळ्यात मुकादम वारला.

त्यानंतरची अकरा वर्षं तामो सुखात होती. हे सरळच सांगितलेलं बरं. दरीपलीकडे मुफद्दलची आई वारली, तो नाक्यावरून जाऊ शकला नाही. कड्यावर उभा राहून खालून जाणारा जनाजा त्याने लांबून पाहिला. मुलीचं, इकरामचं, खाली तेतुआन शहरात लग्न झालं. मेंदीला तामो एकटी गेली आणि बाप आजारी आहे म्हणून सांगितलं. त्या त्या वेळी तिला लाज वाटली. रडलीही. पण गुरुवार आला की खेचरावर चढून ती बाजाराला जायची, शामाच्या टोपलीसमोरून मान ताठ करून चालायची, आणि घरी परतली की नवरा चुलीपाशी असायचा. तिचाच. गावचे पुरुष हसायचे, "मुफद्दलची डाळ मुफद्दलच्या बायकोपेक्षा बरी असते." हसू देत. ती डाळ दुसरं कुणी खात नव्हतं.

आणि आता पोलिसांना दया आली होती. इतकी वर्षं नाही, आताच.

गुरुवारी मुफद्दलने दाढी केली. पेटीतला पांढरा झगा काढला. तो कापराच्या वासाचा आणि घड्यांवर पिवळा पडलेला होता. आरशाचा तुकडा खिडकीत टेकवून तो मिशा कातरू लागला तेव्हा तामोला राहवलं नाही.

"चौकीत अंगठा द्यायला मिशा लागतात होय?"

"अकरा वर्षांनी माणसांत जातोय, तामो."

"कुठल्या माणसांत?"

"सगळ्याच." त्याने कातर ठेवली आणि तिच्याकडे वळून हसला. "मला वाटतंय, मी नवरदेव आहे."

हे तो साध्या मनाने बोलला. पण तामोच्या अंगाचा भडका उडाला. "मीही येते," ती म्हणाली. "तुला आता भाव कुठले माहीत?"

खाली उतरताना तो खेचराच्या पुढे चालत होता, लहान पोरासारखा, प्रत्येक वळणावर थांबत. हे झाड पडलं का, तो पूल नवा झाला का. नाका आला तेव्हा मात्र तो खेचराच्या मागे गेला. रस्त्यावर आडवा दांडा, बाजूला चौकी, समोर टॅक्सीतळ, आणि त्यापुढे बाजार. शहराकडे जाणारी गाडीही याच दांड्याखालून जायची. दांड्यापाशी एक तरुण पोलीस खुर्चीत बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. मुफद्दलने स्वतःहूनच बटवा काढून हातावर धरला. असा माणूस! पोलिसाने एक नजर टाकली.

"काका, हे काय मला दाखवता? आता आम्ही विचारत नाही. चला, चला."

मुफद्दल दहा पावलं गेला आणि मग त्याला रस्त्यातच रडू फुटलं. झग्याच्या बाहीने त्याने तोंड पुसलं. तामोने तेव्हा त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्या क्षणी तिला खरंच वाटलं की सगळं सांगून टाकावं.

पण पुढे शामाची टोपली होती.

शामा आता पन्नाशीची, अंगाने सुटलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू आलेली. पण तिने दुसऱ्या डोळ्याने मुफद्दलला लांबूनच ओळखलं आणि तेच हसू हसली.

"अगं बाई! मुफद्दल! मला वाटलं, तामोने तुला लिंबासारखा मिठात घालून बरणीत ठेवला."

आजूबाजूचे खो खो हसले. मुफद्दलही हसला. "ठेवला की! बघ कसा मुरलोय."

"मुरलास खरा. किती देऊ? दोन ना?"

दोन ना! अकरा वर्षांनी बाईला आठवतंय किती ते! तामो खेचराचा लगाम मनगटाला गुंडाळत राहिली, इतका की हात निळा पडला. मुफद्दलने दोन भाकऱ्या घेतल्या, नाकाशी धरल्या, डोळे मिटले.

"तू इथे थांब," तो मग तामोला म्हणाला. "मी चौकीत जाऊन नाव खोडून येतो. कुणी लिहिलं होतं तेही विचारतो. जुन्या फायली असतात म्हणे त्यांच्याकडे."

तो वळला मात्र, ती लगाम टाकून फकी अयाशीच्या छपराकडे पळाली.

अयाशी आता इतका म्हातारा झाला होता की चष्म्यावर चष्मा लावायचा. ती त्याच्या समोर उकिडवी बसली आणि कुजबुजली, "फकी, ते पत्र. अकरा वर्षांपूर्वीचं. बारा अंडी. त्यात माझं नाव तर नाही ना घातलंस?"

"कुठलं पत्र, मुली?"

"मुफद्दलवरचं. पाच पोती."

अयाशीने दोन्ही चष्मे काढले. "ते होय. ते मी त्याच संध्याकाळी जाळलं."

"जाळलं?"

"मग काय करू? तीस वर्षांत लोकांनी माझ्याकडून असली दोनशे पत्रं लिहवून घेतली असतील. सगळी पाठवली असती तर या डोंगरात अजान द्यायला पुरुष उरला नसता. लिहिल्याने माणसाचा राग निघून जातो. अंडी मी खायचो, कागद चूल खायची."

तामोचा जीव भांड्यात पडला. कागदच नाही! ना नाव, ना फाईल. आत्ता उठून या म्हाताऱ्याच्या डोक्याची पापी घ्यावी असं तिला झालं.

"पण तुझा नवरा यादीत चढला असं ऐकलं खरं," अयाशी पुढे म्हणाला. "मला वाटलं, दुसऱ्या कुणी तरी लिहवून घेतलं. मी मनात म्हटलं, बघा, बिचारी तामो, रागात एकदा चुकली, आणि आता नवऱ्याचं सगळं एकटीने ओढते. दर गुरुवारी तुझा चेहरा किती प्रसन्न असायचा. मी लोकांना तुझं उदाहरण द्यायचो."

हे ऐकता ऐकताच तिच्या लक्षात आलं. पत्र गेलंच नव्हतं, तर यादीत नाव चढलंच नव्हतं. आणि नाव चढलंच नव्हतं, तर मुफद्दलला घरात कोंडलं होतं कुणी? पाणवठ्यावरून ओल्या पायांनी धावत कोण आलं होतं?

ती उठली आणि चौकीकडे धावली. वाटेत कुणाची तरी ऑलिव्हची पाटी तिने उलथवली आणि मागून शिव्या आल्या.

मुफद्दल चौकीच्या पायऱ्या उतरत होता. एकेका पायरीवर थांबत, पुढची पायरी कुठे आहे ते ठाऊक नसल्यासारखा.

"नाही," तो म्हणाला.

"काय नाही?"

"माझं नाव. त्यांनी तीन वह्या काढल्या. बुसल्हामच्या मेव्हण्याचं आहे, खालच्या वाडीतल्या आठ जणांचं आहे. माझं कधी नव्हतंच. साहेब म्हणाले, 'काका, तुम्ही कुणापासून लपत होता?'" तो पायरीवर बसला. "माझी आई गेली, तामो. मी कड्यावर उभा होतो. खाली उतरून खांदा देता आला असता मला. कुणी अडवलं नसतं."

त्याने मान वर केली.

"कुणी सांगितलं होतं आपल्याला?"

"मुकादमाने," ती म्हणाली. आपल्याच आवाजाची तिला भीती वाटली. "मुकादमाने सांगितलं मला. अल्ला त्याला क्षमा करो. म्हातारा झाला होता, वाचताना चुकला असेल. तुझ्या नावाचे दुसरेही आहेत."

मुफद्दलने मान हलवली. "चुकला असेल," तो म्हणाला. "दिसायचं कुठे त्याला." आणि त्याने, हो, त्यानेच, तिचा निळा पडलेला हात आपल्या हातात घेतला. "तुलाही त्रासच झाला. अकरा वर्षं बाजार, ओझी, सगळं तूच."

सुटली. तामो सुटली होती. एवढ्यावर गप्प बसली असती तर आज दोघं म्हातारी त्या अंगणात सुखाने बसली असती आणि ही गोष्ट सांगायला माझ्याकडे नसती.

"मी आज घरी येत नाही," मुफद्दल उठत म्हणाला. "टॅक्सी उभी आहे. तेतुआनला जातो. इकरामच्या मुलाने मला फोनमध्येच पाहिलंय. आजोबा फोनमध्ये राहतात असं वाटतं त्याला. चार दिवस राहतो, ओळखपत्राचंही बघतो. तू खेचर घेऊन जा. पुढच्या गुरुवारी येतो."

"जा," ती म्हणाली. तिला बरंच वाटलं. मुलीकडेच तर चालला होता.

मागे टाकून आलेलं खेचर ओढत ती टॅक्सीतळापर्यंत त्याला पोचवायला गेली. जुनी, मळकट टॅक्सी, सहा जण भरले की निघायची. पाच जण बसले होते. मागच्या सीटवर, दाराशी, रिकामी टोपली मांडीवर घेऊन शामा बसली होती.

"ये, ये," ती सरकत म्हणाली. "डोळ्याच्या डॉक्टरकडे चाललेय. तू कुठे?"

"मुलीकडे," मुफद्दल म्हणाला आणि आत वाकला. जागा तेवढीच उरली होती, शामाच्या शेजारची.

शामा काही तरी बोलली. काय, ते तामोला ऐकू आलं नाही. फक्त हसू ऐकू आलं, आणि त्यात मुफद्दलचं हसू मिसळलेलं. दार लागलं. टॅक्सी नाक्याकडे सरकली. दांडा वर जायला लागला.

अकरा वर्षांचं सगळं तामोच्या डोक्यात एकदम गेलं. आईचा जनाजा आठवला नाही, मेंदी नाही, पायरीवर धरलेला हात नाही. आठवलं ते: दोन ना, बघ कसा मुरलोय, नवरदेव आहे. खेचर ओढत ती टॅक्सीच्या पुढे धावली आणि दांड्याखाली आडवी उभी राहिली.

"पोलीस!" ती ओरडली. "अहो पोलीस! त्याला धरा! त्याच्या बटव्यात किफ आहे! घरी पोती आहेत, मागच्या खोलीत! पाच पोती आहेत! त्याला जाऊ देऊ नका!"

भाजीवाले उभे राहिले. टॅक्सीवाल्याने इंजिन बंद केलं.

तरुण पोलीस बियांची पुडी खिशात घालत उठला. त्याला काही कळेना. तो खिडकीपाशी गेला. मुफद्दलने कुणी न मागताच बटवा काढून बाहेर धरला. पण तो पोलिसाकडे बघतच नव्हता. तो समोरच्या काचेतून तामोकडे बघत होता, तिच्या तोंडाकडे, जणू त्या तोंडातून शब्द अजून बाहेर येतायत.

"पाच पोती," तो सावकाश म्हणाला. "तामो, पोती मोजून तयार होती होय तुझी?"



"दोन चिलमींचा माल आहे हा, मावशी," पोलीस समजुतीने म्हणाला. त्याने बटव्याची दोरी बांधून तो मुफद्दलच्या हातात परत दिला. "यासाठी आता कुणाला धरत नाहीत. विचारतही नाहीत. घरचं भांडण घरी मिटवा."

मुफद्दलने फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या खिडकीतून बाहेर काढल्या आणि पोलिसाच्या हातात दिल्या. "तिला द्या," तो म्हणाला. "गरोदर होती तेव्हा एकदा म्हणाली होती, बडीशेपेची भाकरी खावीशी वाटते. तेव्हापासून आणत होतो. कोंबड्यांना घालायची. आजची तरी खा म्हणावं."

शामाने टोपलीत मान घातली होती. टॅक्सीवाल्याने इंजिन सुरू केलं.

"मुफद्दल," तामो म्हणाली. "गुरुवारी येशील ना?"

त्याने खिडकीची काच वर केली.

पोलिसाने भाकऱ्या तिच्या हातात ठेवल्या. अजून कोमट होत्या. ती दांड्याखालून हलेना, खेचर आडवंच उभं होतं, आणि मागे दुसरी टॅक्सी, तिच्यामागे भाजीचा ट्रक येऊन थांबला होता.

"मावशी," पोलीस म्हणाला, "खेचर जरा बाजूला घ्या. लोकांना जायचंय."